सातपुड्यातून वर्षावनाकडे : पर्यावरण भूगोलात संशोधक होऊ पाहणाऱ्यांसाठी

भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र घेतलेल्या शहादा, चोपडा, शिरपूर, चाळीसगावकडच्या मुलामुलींना वर्षावनाची ओढ लागते ती बहुधा पडद्यावरचं अ‍ॅमेझॉन बघून. ओढ चांगलीच आहे. पण जळगाव-धुळ्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत उरकणारा. मग वर्षावनाचा अभ्यास इथून सुरू तरी कसा करायचा? माझं उत्तर ठाम आहे. वर्षावनाचा संशोधक सातपुड्यात घडू शकतो आणि उत्तम घडू शकतो. मात्र पदवीची वर्षं ‘कधीतरी ब्राझीलला जाऊ’ म्हणत घालवायची नाहीत. त्या वर्षांत काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी विषयाची हद्द समजून घ्या

पर्यावरण भूगोल म्हणजे माणूस, जमीन, पाणी आणि जंगल यांचे एकमेकांवर होणारे परिणाम जागेच्या आणि काळाच्या संदर्भात तपासणं. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी ‘हे झाड कोणतं?’ असं विचारेल. भूगोलाच्या विद्यार्थ्याने विचारायचं, ‘हे झाड इथेच का, पलीकडच्या उतारावर का नाही, आणि तीस वर्षांपूर्वी इथे काय होतं?’

वर्षावन कशाला म्हणायचं याचाही एक मोजका निकष आहे. कोपेनच्या हवामान वर्गीकरणात खऱ्या वर्षावनी हवामानात वर्षातल्या प्रत्येक महिन्यात किमान ६० मिलिमीटर पाऊस लागतो. पश्चिम घाटातली बरीच सदाहरित जंगलं या कसोटीवर बसत नाहीत. तिथे पाऊस प्रचंड असतो, पण मोसमी. घाटात दक्षिणेकडून उत्तरेकडे यावं तसा कोरडा काळ वाढत जातो, केरळात दोन-तीन महिने तर उत्तरेकडे सात-आठ. आंबोलीत कर्नाटकातल्या अगुंब्याच्या तोडीचा पाऊस पडतो, तरी दोन्हीकडची झाडं सारखी नाहीत, त्यात या कोरड्या महिन्यांचा वाटा मोठा आहे. हे एकदा लक्षात आलं की खान्देशचं रूक्ष जंगल परकं वाटत नाही. तोरणमाळचा साग आणि केरळातल्या शोलायारचं सदाहरित जंगल एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत: कोरडा काळ किती लांबला तर जंगल कसं बदलतं? हवामान बदलाच्या काळात अ‍ॅमेझॉनवर काम करणारेही हाच प्रश्न विचारत आहेत.

झाडं ओळखा, मग मोजा

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच.

पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ५० हेक्टरचा कायमस्वरूपी तुकडा आखला गेला. तिथे एक सेंटिमीटर जाडीपासूनचं प्रत्येक झाड मोजतात आणि साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा मोजतात. तिथे झाडा-झुडपांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८-८९ मध्ये मुदुमलाईच्या पानगळी जंगलात तेवढाच तुकडा आखला. तिथे जाती भरल्या सत्तरच्या घरात. नवशिक्याने कुठे शिकावं हे या दोन आकड्यांवरून कळतं. साग, सालई, धावडा, अंजन, मोह, तेंदू, खैर, पळस, बेहडा, चारोळी, बिबा, कुडा अशी चाळीसेक झाडं पान, साल, फूल, फळ या चारही खुणांवरून ओळखता येऊ लागली की सातपुड्यात काम करण्यापुरती तयारी झाली. एप्रिलमध्ये पानं नसतात, तेव्हा सालीवर भिस्त. सालईची साल पापुद्र्यांनी सुटते, धावड्याची फिकट आणि गुळगुळीत असते. अंजनाचं पान एकदा पाहिलं की विसरत नाही, कारण ते जोडपान असतं. नावं शिकायला पावरा, भिल्ल, तडवी म्हाताऱ्यांइतके चांगले गुरू नाहीत. त्यांनी सांगितलेलं नाव ऐकलं तसं देवनागरीत लिहा आणि शेजारी शास्त्रीय नाव. दिवसभर सोबत फिरणाऱ्या काकांना दिवसाची मजुरी द्या आणि प्रबंधात त्यांचं नाव त्यांना विचारून घाला. ओळख पटत नसेल तर वाळवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा आघारकर संस्थेत दाखवता येतो.

मग मोजणी. २० बाय २० मीटरचा चौकोन आखा. चारही बाजू २० मीटर भरल्या म्हणजे चौकोन झाला असं नाही. कर्ण मोजा, दोन्हीकडे २८.३ मीटरच्या आसपास आला तरच कोपरे काटकोनात आहेत. उतारावर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण २० मीटर हे आडवं अंतर असायला हवं. ३० अंशांच्या उतारावर त्यासाठी जमिनीलगत २३.१ मीटर दोरी लागते. तोरणमाळच्या कड्यालगत हे विसरलात तर तुमचा चौकोन कागदावर मोठा आणि प्रत्यक्षात लहान राहतो. असे २५ चौकोन म्हणजे एक हेक्टर.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. जगभर १.३ मीटर उंची धरतात, आपल्या वनखात्याची जुनी रीत १.३७ मीटरची. कोणतीही धरा, पण वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून मोजा. ३१.४ सेंटिमीटर घेर म्हणजे १० सेंटिमीटर व्यास. बहुतेक अभ्यास याच्या वरची झाडं घेतात.

इतका काटेकोरपणा कशाला, ते एका झाडावरून पाहा. जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी दिलेलं सूत्र आज सर्वत्र वापरतात. लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात काढायचा आणि त्याला ०.०६७३ ने गुणायचं. उत्तर येतं ते जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोग्रॅममध्ये. सागाचा घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३०. उंची १५ मीटर, घनता ०.६ धरली तर वजन येतं ४४० किलोच्या आसपास. टेप तिरपी लागून घेर १०० आला तर तेच झाड ४९० किलोंचं होतं. उंची १५ ऐवजी १२ मीटर धरली तर ३५०. वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन. एका झाडात एवढा फरक पडतो, तर हेक्टरभर झाडांवरून ‘या जंगलात इतका कार्बन आहे’ असं छापताना हात थरथरला पाहिजे.

वर्षावनात गेल्यावर यात एकच मोठी भर पडते. तिथल्या अनेक मोठ्या झाडांना बुंध्याशी पंख्यासारखी आधारमुळं असतात, कधी माणसाच्या डोक्यावर जाणारी. घेर त्यांच्या वर घ्यावा लागतो. बाकी हात तोच आणि वहीही तीच.

उपग्रह बघायला शिका, पण आधी रावेरच्या केळीवर

संगणकाची बाजू आता सक्तीची झाली आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य असतात आणि घरबसल्या करता येतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून सर्वांना मोफत मिळतात, १९८२ नंतरच्या चित्रांचा तपशील ३० मीटरचा. युरोपच्या सेंटिनेल-२ चा तपशील १० मीटरचा आणि फेरी दर पाच दिवसांची. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आणि गुगल अर्थ इंजिन हेही शिकून घ्या. सोबत आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकीय भाषा.

सरावासाठी रावेर-यावलचा एप्रिल महिन्याचा तुकडा उघडा. हिरवेपणाचा निर्देशांक काढा. खाली तापीकाठी गडद हिरवे चौकोन दिसतील आणि वर सातपुड्याच्या उतारांवर उजाड तपकिरी. नवशिक्याचा संगणक बेलाशक सांगेल की जंगल खाली आहे आणि वर माळरान. प्रत्यक्षात खाली पाणी दिलेली केळी आहे आणि वर पानं गाळून उभं असलेलं सागाचं जंगल. ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवलं की उलगडा होतो. साग तेव्हा हिरवा असतो. एका तारखेच्या चित्रावरून जंगल ठरवायचं नाही, हे इथे जितकं लख्ख कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. विदर्भापासून सुमात्रापर्यंत हाच घोळ वेगवेगळ्या पिकांमुळे होतो. कुठे रबर, कुठे तेलताड, कुठे सावलीतली कॉफी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त झाडोरा असला की ते वनाच्छादन, मालकी कोणाचीही असो. त्यात फळबागाही येतात. अहवालातला आकडा उद्धृत करण्याआधी ही व्याख्या वाचलेली असावी.

वर्षावनात दोन अडचणी वाढतात. एक, ढग. दुसरी, घनदाट छत्रावर हिरवेपणाचा निर्देशांक एका मर्यादेला जाऊन थबकतो. दाट आणि अतिदाट त्याला सारखंच दिसतं. म्हणून तिथे ढगांच्या आरपार पाहणारं रडार लागतं. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह आहेच. आता ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार आहे, आणि जंगलाचं वजन मोजण्यासाठीच युरोपने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडलेला बायोमास उपग्रह. माझ्या मते आज पदवीला असलेल्या मुलांनी रडारचं गणित आत्ताच हाती घ्यावं. ही माहिती येत राहील आणि ती जमिनीवर पडताळून पाहणारी माणसं सगळीकडेच कमी पडतील.

प्रश्न कसा शोधायचा

‘वर्षावनांवरील हवामान बदलाचा परिणाम’ हा प्रश्न नव्हे, ते परिषदेचं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर मिळालं हे तुम्हाला कळेल. सरदार सरोवरामुळे आपल्याकडची अक्राणी-अक्कलकुवा भागातली ३३ गावं बाधित झाली. तळोद्याकडची वनजमीन पुनर्वसनासाठी देण्यात आली. एका जागचं जंगल पाण्याखाली गेलं, दुसऱ्या जागचं शेतात बदललं. हे सगळं लँडसॅटच्या जुन्या चित्रांत नोंदलेलं आहे आणि त्यातून गेलेली माणसं आज बोलायला आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या उतारावरची झाडं कमी झाली आणि का, हा पर्यावरण भूगोलाचा अस्सल प्रश्न आहे. अ‍ॅमेझॉनमधल्या धरणांवर काम करणारे हेच तपासतात.

दुसरा प्रश्न वणव्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस उपकरणाचे ३७५ मीटर तपशिलाचे आगीचे ठिपके कुणालाही मिळतात. ते नकाशावर मांडा. पण तिथेच थांबून ‘आदिवासींमुळे आगी लागतात’ असं लिहू नका. गावात बसा, किती जण जाळतात, कधी जाळतात, आग पुढे का सरकते, शेतबांध आणि रस्त्यांवरून किती लागते, हे विचारा. नकाशाने आरोप करायचा आणि माणसाचं म्हणणं ऐकायचं नाही, असलं संशोधन मला मान्य नाही.

जुन्या नोंदींकडेही जरा संशयाने पाहायला शिका. वनपिंगळा या छोट्या घुबडाची गोष्ट आपल्याच मातीतली आहे. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडला नव्हता. १९१४ चा म्हणून एक नमुना गुजरातमधल्या मांडवीचा दाखवला जात होता. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने तपासले आणि तो चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला निघाला. ती नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी खात्रीच्या जुन्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. ठिकाणाची एक खोटी नोंद किती काळ दिशाभूल करते ते यातून दिसतं. म्हणून तुमच्या प्रत्येक नोंदीवर अक्षांश, रेखांश, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव हवंच.

शिक्षण आणि परीक्षा

हा भाग सरळ आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाला आहे. भूगोलासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ जवळचं. गणित बरं असेल तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत भूमाहितीशास्त्राचं एम.टेक. करता येतं. थेट वन्यजीव आणि जंगलाकडे वळायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस). केरळात पीची इथली वन संशोधन संस्था जंगलाच्या कुशीतच आहे. तिथे उन्हाळी प्रकल्प मिळाला तर सोडू नका.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत भूगोलाचा विषय क्रमांक ८०, पर्यावरणशास्त्राचा ८९. दोन पेपर मिळून ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. तिच्यातून मिळणाऱ्या जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या पाठ्यवृत्तीला, खुल्या गटात ३० वर्षांची अट आहे, राखीव गटांना आणि महिलांना पाच वर्षांची सूट. सेट ही राज्याची पात्रता परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, तिला वयोमर्यादा नाही.

मार्गदर्शक आणि पैसा

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. शोधगंगा हे प्रबंधांचं संकेतस्थळ उघडून त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा. जमिनीवर जाऊन केलेली मोजणी आहे, की तालुकानिहाय आकड्यांची तक्तेबाजी? आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि सर किंवा मॅडम शेवटचं क्षेत्रावर कधी आले होते, ते विचारा. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं. एवढा काळ ज्यांच्यासोबत काढायचा त्यांची चौकशी करण्यात संकोच नको.

जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. नाही मिळाली तरी वाट बंद होत नाही. आपल्या गटाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती वेगळी आहे. धडगाव-मोलगीकडच्या मुलांपर्यंत ही माहिती वेळेत पोचत नाही, याची मला फार खंत वाटते. तुम्हाला कळली तर पुढे सांगा. नेदरलँड्ससारख्या देशात पीएच.डी. ही पगारी नोकरीच असते. तिथे अर्ज करताना प्राध्यापकांना चार ओळींचं पत्र पुरे: तुमचा प्रश्न, तुम्ही मोजलेले चौकोन, त्यांच्या कोणत्या कामाशी ते जुळतं, आणि नकाशाची लिंक.

शोधनिबंधाबद्दल एक सावधगिरी. ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे पारख आता तुम्हालाच करायची आहे. त्या विषयातले मान्यवर तिथे लिहितात का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

परवानग्या

यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात काम करायचं तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कार्यालय नागपूरला. अभयारण्याबाहेरच्या वनात त्या-त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा. तळोद्याला मेवासी वनविभाग वेगळा आहे, तो नंदुरबारमध्ये शोधू नका. अर्ज पावसाळ्याआधी टाका, म्हणजे ऑक्टोबरला हाती येण्याची शक्यता राहते. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांत ग्रामसभेला आधी भेटा आणि अहिराणी, भिली, पावरी येणारा सोबती घ्या. वनस्पतीचा नमुना तपासणीसाठी परदेशात पाठवायचा तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहा, एरवी तो कायद्याचा भंग ठरू शकतो.

खऱ्या वर्षावनात जाताना

पहिली वारी पश्चिम घाटात करा. आंबोली, मग अगुंबे, मग अनामलाई. वालपराईला चहामळ्यांमध्ये उरलेले वर्षावनाचे तुकडे पुन्हा उभे करण्याचं काम निसर्ग संवर्धन प्रतिष्ठान ही म्हैसूरची संस्था बरीच वर्षं करत आहे, ते जाऊन बघण्यासारखं आहे. सातपुड्यात लांबवरचं दिसतं, वर्षावनात दहा पावलांपुढचं दिसत नाही. जीपीएस दाट छत्राखाली भरकटतं, वही भिजते, जळवा लागतात. पेन्सिल, न भिजणारा कागद आणि जळवांचे मोजे लागतील. ब्राझील किंवा काँगोला जायची वेळ आली तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातूनच घ्या. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि तो नसेल तर परत येताना विमानतळावरच विलगीकरणात ठेवतात.

नोकरी

सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात आणि पात्र माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा. फक्त या एका दारावर बसून राहू नका. भारतीय वन सर्वेक्षण, हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, तसंच संशोधन संस्था यांच्याकडे प्रकल्प सहायकांच्या जागा निघत असतात. तिथे नकाशा येणारा आणि झाडही ओळखणारा उमेदवार क्वचित भेटतो. जाहिरातीची मुदत बहुधा थोडीच असते. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपत असते. ही दोन कागदपत्रं पदवीच्या शेवटच्या वर्षातच तहसील आणि पडताळणी समितीकडून मार्गी लावून ठेवा.